आई-बाबांना घेऊन अंदमानला जातोय, बॅगेत काय काय भरू?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीअखेर सहा दिवस, सोबत सत्तरीला आलेले आई-बाबा, विमानाची तिकिटं काढून झालीत, आता फक्त सामानाची यादी हवी. यादी देतो, पण आधी न विचारलेलं एक सांगतो. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, सूर्य मात्र आपला नाही. बेटं मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहेत, त्यामुळे जानेवारीच्या शेवटी तिथे पाच-वीसच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण चहा घेऊन, आवरून, "चला, आता ऊन उतरलंय" म्हणत पाच वाजता निघालो, तर हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्याला पोचेपर्यंत अंधार. आमचा पहिला सूर्यास्त असाच रिक्षात गेला. साडेतीनला किनाऱ्यावर हजर राहा आणि सकाळी सहाला फिरायला लागा. आई-बाबांना याची सवय असेलच, अडचण तुमची होईल.

दुसरं म्हणजे बोट. पोर्ट ब्लेअर (2024पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनंच ऐकू येतं), तिथून स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, मग शहीद द्वीप म्हणजे नील, आणि परत. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, दोन हॅवलॉकला, एक नीलला, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र वाचवायचा मोह होतो, तो आवरा. हवा बिघडली की बोट रद्द होते, आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. स्कूबा करायचं असेल तर तेही हॅवलॉकलाच उरका, कारण पाण्याखाली जाऊन आल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये. आणि बाराटांग बेटाचा मोह सोडा. मध्यरात्रीनंतर उठून गाड्यांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं, हे या वयाला झेपणारं नाही. शिवाय माणसं दिसतील म्हणून खिडकीला नाक लावून बसणाऱ्या गाड्या बघितल्यावर मला तरी तिथे जावंसं वाटलं नाही.

आता बॅग. चाकांची मोठी सूटकेस नेऊ नका. जेटीवर उतारावरून, पायऱ्यांवरून सामान आपणच ओढायचं असतं, आणि नंतर बोटीत ते एका ढिगात जाऊन पडतं. आमच्या ॲव्होमिनच्या गोळ्या त्या ढिगाच्या तळाशी होत्या. बोट हलायला लागली आणि सासूबाई पिशवी मागायला लागल्या! तेव्हा औषधं, पाणी, चष्मा, मूळ ओळखपत्र आणि एक जोडी कपडे अंगावरच्या छोट्या सॅकमध्येच ठेवा. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन फार उपयोग नाही. आई-बाबांना रोजची औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या.

जाड टॉवेल घरीच ठेवा आणि प्रत्येकी दोन पंचे घ्या. खाऱ्या दमट हवेत टॉवेल दोन दिवस वाळत नाही, पंचा तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो आणि बोटीतल्या एसीत गळ्याभोवती गुंडाळता येतो. जीन्सचंही तेच, एक प्रवासाची पुरे. पाण्यात जायला लांब बाह्यांचे सिंथेटिक टी-शर्ट घ्या. सनस्क्रीन थापून प्रवाळावर पोहण्यापेक्षा अंग झाकलेलं बरं, पाठही भाजत नाही. पायात मागून पट्टा असलेले फ्लोटर्स हवेत. नीलला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीच्या वेळीच जाता येतं आणि वाट मेलेल्या प्रवाळावरून आहे. साध्या चपलेत पाय कापतो. ओहोटीची वेळ हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा.

संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत आणि खाज मात्र चार दिवस. पूर्ण पायजमा आणि ओडोमॉस. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, नीलला एटीएमच्या भरवशावर राहू नका. तिकिटं आणि हॉटेलची बुकिंगं कागदावर छापून घ्या, कारण नेटवर्क मधूनच जातं.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर नीलला ताजी भाजी मिळते, पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची तिथे शेती आहे. तरी मेतकूट आणि दशम्या असू द्या, पहिल्या दोन दिवसांची सोय होते. फक्त सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरतात आणि विमानतळावर काढून घेतात.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघा, पण उजेडात. बरेच जण थेट रात्रीच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला जातात आणि कोठड्या राहून जातात. जेलच्या सात पाकळ्यांपैकी, म्हणजे कोठड्यांच्या इमारतींपैकी, तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, 1911 ते 1921 ते या जेलमध्ये होते. जिने चढायचे आहेत, तेव्हा बाबांना सावकाश न्या. माझे सासरे त्या कोठडीत शिरले आणि वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आम्ही पुढचा कार्यक्रम रद्द केला. असा मोकळा वेळ तुमच्या आखणीतही राहू द्या.

परतताना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे सामानात नकोत. उचलून आणायला बंदी आहे आणि विमानतळावर बॅग तपासतात. आमच्या भाच्याच्या खिशातून तीन निघाले.