वाचलं की कळतं, पण परीक्षेत सुचत नाही

ती खुर्चीत बसली, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मी खरं तर सगळ्यांना फसवतेय." वय १७. फिजिक्सचं किंवा गणिताचं एखादं उदाहरण अडलं की ती त्याचा फोटो ऑनलाइन टाकायची आणि थोड्याच वेळात पायऱ्यांसकट उत्तर यायचं. वाचताना सगळं पटायचं. चाचणीत मात्र तसंच उदाहरण समोर आलं की पहिली ओळही सुचायची नाही. "माझ्यात ते डोकंच नाही बहुतेक," असं ती अगदी शांतपणे म्हणाली. मला काळजी वाटली ती त्या शांतपणाची.

अशी मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे नेहमी येतात. आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: ही ऑनलाइन मदत बंदच करायची का?

मी तिला शेवटचे काही प्रश्न दाखवायला सांगितले. सगळे फोटोच होते आणि खाली एवढंच, "प्लीज सोडवून द्या." तिने स्वतः काय करून पाहिलं होतं, त्याचा कुठेच पत्ता नव्हता. कच्चं काम कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "फाडून टाकलं. चुकलंच होतं ना ते."

त्यातलंच एक उदाहरण तिला कोऱ्या कागदावर करायला दिलं. २ किलोचा ठोकळा, ३० अंशांचा उतार, घर्षण गुणांक ०.७, ठोकळा अलगद सोडला तर त्याचं त्वरण किती? तिने भराभर लिहिलं. उतारावरून खाली ओढणारं बल १० न्यूटन. घर्षण १२.१ न्यूटन. वजाबाकी उणे २.१. आणि पेन थांबलं. "इथेच अडले होते. उत्तर उणे आलं म्हणजे चुकलं, म्हणून फोटो टाकला. त्यांनी शून्य सांगितलं, मी शून्य लिहिलं."

मी फक्त विचारलं, "उणे म्हणजे ठोकळा कुठे निघाला?"

तिने बाण काढला. उताराच्या वरच्या दिशेला. बाणाकडे बघत राहिली. "वर? आपोआप?" मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही, आणि मीही नाही. अशा वेळी गप्प बसणं मला अजूनही जड जातं. शेवटी तिने १२.१ भोवती गोल केला. "हे घर्षण जास्तीत जास्त एवढं होऊ शकतं. पण ओढ १० चीच आहे, मग तेही १० च लागेल. म्हणून ठोकळा हलत नाही!"

ज्या मुलीला आपल्यात डोकं नाही असं वाटत होतं, ती उत्तरापासून एका पावलावर होती. ते एक पाऊल दर वेळी दुसरंच कुणीतरी टाकत होतं. आलेलं उत्तर बरोबर होतं, पण तिचा १२.१ कुठे चुकला हे त्यात नव्हतं, कारण तो आकडा तिने कुणाला दाखवलाच नव्हता.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी मुलांना आवर्जून सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. काहींनी एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. शिवाय आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. प्रयोग उताऱ्यावरचा असला, तरी "वाचलं की कळतं" ही खात्री तीच आहे.

मदत आम्ही बंद केली नाही. अडल्यावर विचारणं यात फसवणूक कसली? आणि धडा अगदी नवा असेल, तर सोडवलेली उदाहरणं आधी वाचावीतच, उगाच धडपडण्यात वेळ जातो. आम्ही ठरवलं ते एवढंच, की कच्चं काम फाडायचं नाही. विचारताना तेही दाखवायचं आणि कुठल्या ओळीवर अडलं ते शब्दांत लिहायचं. उत्तर आलं की ते झाकून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर करायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. आईवडिलांना मी विनंती केली की फोन काढून घेऊ नका, तिचे चुकलेले कागद मात्र बघा, न रागावता.

गुण लगेच वाढले नाहीत. पुढच्या चाचणीत तिचा पेपर अर्धा राहिला, कारण स्वतः विचार करायला वेळ लागत होता. त्या आठवड्यात ती रडलीही.

काही दिवसांनी तिने मला ऑनलाइन विचारायला लिहिलेला एक मजकूर दाखवला. गुणाकाराचं इंटिग्रेशन करताना दोनपैकी कुठलं फलन पहिलं धरायचं, ते आपण निवडायचं असतं: "एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन. मी कॉस एक्स पहिलं फलन धरलं. पुढच्या ओळीत एक्सचा वर्ग आला आणि गणित आणखी अवघड झालं. माझी निवड चुकली का? उत्तर नको, फक्त..."

वाक्य तिथेच सुटलं होतं. ते लिहितानाच तिला कळलं होतं की पहिलं फलन एक्स धरायला हवं होतं. प्रश्न तिने पाठवलाच नाही.