लेखी विचार

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "काका, इन्क्रिमेंट कमी आलं याचं काही नाही. पण कशामुळे कमी, हे कुणी सांगतच नाही. आता कामावर जायचंच जिवावर येतं." पहिलं वाक्य खोटं आहे. पैसे कमी आले की लागतंच. दुसरं मात्र नेमकं पकडलंस.

साहेबांना मेल कर. दोनच ओळी: कशावरून ठरवलं आणि माझं कुठे कमी पडलं. तुझी टीम टपरीवर तासभर बोलते आणि मीटिंगमध्ये वहीत रेघोट्या ओढते. टपरीवरच्या बोलण्याला ऑफिसच्या रजिस्टरात आवक नंबर पडत नाही, बाई. लेखी विचार.

1994 साली भोसरीतल्या एका कारखान्यात हजेरीचं मस्टर माझ्याकडे होतं. नऊ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर, हे 1948च्या कारखाने कायद्यातच होतं. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचे बारा तास मस्टरवर आठ व्हायचे. उरलेले चार व्हाउचरवर, सिंगल रेटने. एक हेल्पर टेबलाशी आला. "साहेब, ओव्हरटाइमचे अर्धेच लागलेत." मी म्हटलं, "वरून आलंय." आलंही होतं, पण तोंडी. मी कागद मागितला नाही. दोन महिन्यांनी त्याला बंद केलं. मस्टरवरचं नाव मीच खोडलं. पुढच्या वर्षी मी सुपरवायझर झालो.

घराचे हप्ते होते, आई अंथरुणावर होती. माझ्या जागी तू काय केलं असतंस? राहू दे, नको सांगूस.

त्यानंतर मात्र तोंडी हुकूम घेतला नाही. "लिहून द्या, साहेब." पोरं मागे 'लेखीकाका' म्हणायची. दोन बढत्या हुकल्या, बायको आजही ऐकवते. पण लिहून द्या म्हटल्यावर निम्मे हुकूम तिथेच गारठायचे.

आणि ते "विचारून काय होणार" मला ऐकवू नकोस, डोकं फिरतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, ती मिळायला 1890 उजाडलं. तुला एक मेल जड होतोय?

उत्तर येईल न येईल. पंधरा दिवस थांब, मग पहिल्याचा हवाला देऊन दुसरा पाठव. दोन्ही जपून ठेव.

फक्त पाठवण्याआधी मला दाखवू नकोस. एवढी वर्षं साहेबांना अर्ज लिहून हात मऊ झालाय. मी त्यात 'कृपया' आणि 'क्षमस्व' घालून ठेवीन.

तुझा,
काका