मॅरेथॉनच्या रविवारी रस्ता ओलांडायचा कधी?

प्रश्न थोडक्यात असा: घर प्रभादेवीला, सिद्धिविनायकाजवळ, वीर सावरकर मार्गाच्या समुद्राकडच्या बाजूला. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी वडिलांचं डायलिसिस सकाळी आठला दादर पूर्वेला, बहिणीचं विमान दुपारी एकला टी-२ वरून, आणि मुलांना धावणारे बघायचेत. रस्ता नक्की किती वेळ बंद?

मॅरेथॉन ज्यावरून जाते तो सावरकर मार्ग आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तुमचं घर आहे. गोखले रोडवर राहणाऱ्याला वळसा घालून जाता येतं, तुम्हाला मार्ग ओलांडावाच लागतो. म्हणून वाहतूक पोलिसांच्या पत्रकातली ‘बंद’ची वेळ वाचून थांबू नका. ती गाड्यांसाठी असते. तुम्हाला हवी ती वेळ वेगळी: दारासमोरून धावणारे कधीपासून कधीपर्यंत जाणार. ही वेळ पत्रकात नसते, पण काढता येते.

फुल मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. सीएसएमटीहून सुटून सी लिंकवरून उत्तरेला जाते आणि माहीम, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक अशी परत दक्षिणेला येते. शर्यतीचा मार्ग वर्षागणिक थोडा सरकतो, त्यामुळे यंदाच्या नकाशात तुमच्या चौकाजवळ कितवा किलोमीटर लिहिलाय ते आधी बघा. उदाहरणासाठी २७ धरू. हौशी धावपटूंची फुल पहाटे पाचला सुटली, तर किलोमीटरमागे ४ मिनिटं घेणारे वेगवान हौशी रनर १०८ मिनिटांनी, म्हणजे ६.४८ ला तुमच्याकडे पोचतात. खरी गर्दी ६ ते साडेसात मिनिटंवाल्यांची: ७.४० ते ८.२५. किलोमीटरला १० मिनिटं लागणारे साडेनऊला. सगळे एकाच क्षणी सुटत नाहीत, मागच्या गटाला सुरुवातीची रेघ ओलांडायलाच वेळ जातो, म्हणून शेपूट पावणेदहा धरा. त्यांच्या मागून वैद्यकीय गाडी, थकलेल्यांना उचलणारी बस, मग बॅरिकेड हलवणारे आणि झाडूवाले. शेवटचा रनर गेला की रस्ता मोकळा, असं समजून गाडी काढणारे गेटवरच अडकतात. आणखी निदान अर्धा तास ठेवा.

एक गोष्ट नकाशावर जरूर तपासा. हाफ मॅरेथॉन अलीकडे माहीमच्या रेतीबंदरहून सुटते. ती सी लिंककडे वळत असेल तर तुमच्या दारात पावणेसातपर्यंत जवळपास कुणी धावणारं नसतं. ती सावरकर मार्गानेच आणली असेल तर पाचनंतर लगेच गर्दी सुरू होईल आणि पुढचा सगळा हिशेब दीड-दोन तास अलीकडे येईल.

आता डायलिसिस. हे पुढे ढकलायचं की नाही ते केंद्राच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, घरच्यांनी नाही. दोन आठवडे आधी विचारा, आदल्या दिवशी नाही. अकराची पाळी मिळाली तर उत्तम. आठचीच असेल तरी घाबरू नका, कारण अडचण फक्त जातानाची आहे. सत्र साधारण चार तासांचं, म्हणजे बारा वाजता परत येताना रस्ता उघडलेला असतो. जाताना असं करा: शनिवारी रात्री गाडी मार्गाच्या पूर्वेला, गोखले रोडच्या बाजूला नेऊन लावा. मार्गावर राहिलेली गाडी रात्रीच टो होते, त्यामुळे ‘नो पार्किंग’चे तात्पुरते फलक कुठपर्यंत आहेत ते बघूनच जागा निवडा. रविवारी वडिलांना सव्वासहाला व्हीलचेअरवर रस्ता ओलांडून न्या. त्या वेळी रस्ता गाड्यांना बंद असला तरी पायी माणसाला मोकळा असतो. हवालदाराला दाखवायला केंद्राचा कागद जवळ ठेवा. तास-सव्वातास आधी पोचाल, तेव्हा सोबत शाल आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेला नाश्ता घ्या.

गाडीने दादर पूर्वेला जाताना दुसरा अडथळा रेल्वेरुळांचा. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद केला, त्यामुळे बराचसा भार टिळक पुलावर. मॅरेथॉनमुळे पश्चिमेचे रस्ते बंद झाले की तो आणखी तुंबतो. सातच्या आत पूल पार करा.

बहिणीसाठी गाडीचा विचारच नको. मेट्रो ३ सावरकर मार्गाच्या खालून जाते आणि थेट टी-२ ला पोचते. सिद्धिविनायक स्टेशन तुमच्या हाकेच्या अंतरावर. रविवारी पहिली गाडी इतर दिवसांपेक्षा उशिरा सुटते, पण एकच्या विमानासाठी ते आड येत नाही. तुमच्या बाजूचं कोणतं दार उघडं असतं आणि लिफ्ट कुठल्या दाराला आहे, ते शनिवारी चालत जाऊन पाहा. दोन मोठ्या बॅगा घेऊन भलत्या दाराशी पोचलात तर मध्ये धावणाऱ्यांची रांग असेल. अॅपवरची टॅक्सी हवीच असेल तर पिकअपची खूण घरावर ठेवू नका. ड्रायव्हर राइड स्वीकारतो, मार्गापलीकडे येऊन थांबतो आणि रद्द करतो. खूण गोखले रोडवर ठेवा आणि तिथवर पायी जा. लोकलने जाणार असाल तर रविवारचा ब्लॉक शनिवारच्या पत्रकात बघून घ्या. तो सहसा साडेदहा-अकराला सुरू होतो.

रनर जात असताना ओलांडायचंच असेल तर चौकातच ओलांडा, सोसायटीच्या गेटसमोर नाही. चौकात स्वयंसेवक दोरी धरून प्रवाह एका बाजूला वळवतात, तुम्हाला दुभाजकापर्यंत सोडतात, मग प्रवाह दुसरीकडे वळवून उरलेला अर्धा पार करून देतात. दोरी नसेल तर मोकळी जागा दिसेपर्यंत थांबा आणि धावण्याच्या दिशेने तिरके चाला. सरळ आडवं जाणारा माणूस २७ किलोमीटर धावलेल्याला चुकवता येत नाही, त्याचे पाय तेवढे पटकन वळत नाहीत. अधेमधे थबकू नका. बाबागाडी, सायकल आणि कुत्रा यांना या वेळेत पलीकडे न्यायचंच नाही.

घरात अचानक कुणाला त्रास झाला तर १०८ ला फोन करताना ‘मार्गाची समुद्राकडची बाजू’ हे शब्द पहिल्यांदा सांगा, आणि जवळचा मोठा चौक सांगा. रुग्णवाहिकेसाठी पोलीस धावणाऱ्यांना थांबवतात, त्यात संकोच करायचं कारण नाही. सोसायटीचा एक माणूस चौकात आणि एक गेटवर उभा ठेवा. हे वॉचमनला आदल्या रात्रीच समजावून ठेवलेलं बरं. दूध, पाव आणि पेपरवाल्यालाही शनिवारीच विचारा, आणि पलीकडून येणाऱ्या कामवाल्या मावशींना त्या दिवशी सुट्टी द्या.

मुलांना ७.३० ते ९ या वेळेत फुटपाथवर उभं करा. एलिट, म्हणजे अव्वल धावपटूंचा गट सातनंतर वेगळा सुटतो, ७.२० ला सुटला तर पुढचे पुरुष साधारण ८.४० ला तुमच्यासमोरून जातील. पुरुषांचा इथला विक्रम इथिओपियाच्या हेले लेमीचा, २०२३ मधला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं. मुलांना पहिलीच झलक दाखवायची असेल तर आधी मोटारसायकल दिसते, ती दिसली की मोबाइल तयार ठेवा, कारण ते दहा सेकंदांत निघून जातात.

पण मुलांचं खरं काम मागच्या लोकांसाठी आहे. साडेआठनंतर येणाऱ्यांना ऊन लागायला लागलेलं असतं, आणि पेडर रोडची चढण अजून पुढे असते. संत्र्याच्या सोललेल्या फोडी, मिठाची चिमूट, गुळाच्या चिक्कीचे नखाएवढे तुकडे, बर्फ हे उपयोगी. कोरडं बिस्किट नको, धापा टाकताना घशात अडकतं. केळं द्यायचं तर सोलून, अर्धं करून. साल रस्त्यावर पडली की मागचा घसरतो. तळहात सपाट ठेवून हात बाहेर धरायचा, रस्त्यावर उतरायचं नाही. छातीवरच्या बिब क्रमांकासोबत नाव छापलेलं असतं, ते वाचून हाक मारायला सांगा. वाकलेला माणूस स्वतःचं नाव ऐकून सरळ होतो, हे त्यांना प्रत्यक्ष दिसेल.

चौकाचौकाला पायी ओलांडण्याच्या वेळा पत्रकात छापल्या, तर तुमच्यासारख्यांचे निम्मे प्रश्न सुटतील. सोसायटीच्या लेटरहेडवर ही मागणी वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलीस चौकी, दोन्हीकडे डिसेंबरातच द्या. बंदोबस्त आखला जायच्या आधी आलेलं पत्र विचारात घेतलं जातं, आठवडाभर आधीचं फाइलला लागतं.