बोटॉक्सनं नस मरते का?

प्रश्न : माझे वडील (वय ६७) वडगावात चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. दीड वर्षापासून त्यांचे दोन्ही डोळे आपोआप गच्च मिटतात, बोटानं पापणी वर धरावी लागते. डॉक्टरांनी बोटॉक्सची इंजेक्शनं सांगितली आहेत. ते जगातलं सगळ्यात जहाल विष आहे असं कुणीतरी सांगितल्यापासून अण्णा हटून बसलेत. ‘नस मेली तर डोळा गेलाच की!’ म्हणतात. खरंच नस मरते का? हे विष आत जाऊन करतं तरी काय?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : अण्णांना आधी एवढंच सांगा, नस (म्हणजे मज्जातंतू) मरत नाही. आणि सुई डोळ्यात जात नाही, डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूत जाते.

विष आहे हे मात्र खरं. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं तर श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावतो. पण इंजेक्शनात ते इतकं अत्यल्प असतं, की ते टोचल्या जागेच्या आसपासच काम करतं.

आता काम कसं करतं ते. मी बेळगावात अठ्ठावीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. हा धडा आला की सुतळी घेऊन वर्गात जायचो. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला निरोप देणारं रसायन, भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. पिशवी टोकाच्या पडद्याला चिकटून फुटली, की रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. पिशवीला पडद्यापर्यंत ओढतात तीन प्रथिनं. पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन, पडद्यावरची सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. स्नॅप-२५ दोन पेड देतं, बाकीची एकेक. चार पेडांचा दोर वळत जातो, तशी पिशवी पडद्यावर घट्ट दाबली जाते. मी चार सुतळ्यांना पीळ द्यायचो आणि मुलांना टोकं जवळ येताना दिसायची.

विषाच्या रेणूचे दोन भाग. मोठा भाग नसेच्या टोकाला पकडतो. पिशवी रिकामी होताना तिच्या आतलं एक प्रथिन क्षणभर बाहेर दिसतं, त्यालाच तो धरतो आणि पिशवीबरोबर आत शिरतो. म्हणजे जी नस जास्त धावपळ करते, तीच जास्त विष आत घेते! अण्णांच्या पापण्यांच्या नसा नेमक्या तशाच आहेत. पिशवीत आम्लता वाढली की छोटा भाग पेशीत उतरतो. हा जस्त बाळगणारा कातरा. बोटॉक्समधला ‘ए’ प्रकार स्नॅप-२५ च्या २०६ मण्यांच्या (म्हणजे अमिनो आम्लांच्या) माळेतले शेवटचे फक्त ९ मणी कापतो. तेवढ्यानं दोराचा पीळ नीट बसत नाही. पिशव्या भरलेल्या, नस जिवंत, पण निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही.

अण्णांच्या भाषेत सांगा, ताण्याचा धागा तुटला म्हणून माग मोडला असं होत नाही. फरक इतकाच, की इथं धागा सांधत नाहीत, पेशी नवं स्नॅप-२५ तयार करते. मधल्या काळात नसेला नवे कोंबही फुटतात, मूळ टोक पुन्हा चालू झालं की ते आटतात. म्हणूनच गुण तीनेक महिने टिकतो आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं.

शहापुरात आमच्या शेजारच्या काकूंना हाच त्रास होता. खडेबाजारातून जाताना एका हातानं पापणी धरायच्या, दुसऱ्या हातात पिशवी. इंजेक्शननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक जाणवला, आणि दोन आठवड्यांनी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी स्वतः सुईत दोरा ओवला. ते पाहताना मला फार बरं वाटलं होतं.

पापणी काही दिवस थोडी खाली ओघळणं किंवा डोळे कोरडे पडणं होऊ शकतं, ते ओसरतं. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र लगेच दवाखाना गाठा. अण्णांना स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार, म्हणजे मायस्थेनिया, असेल किंवा जेन्टामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर इंजेक्शनाआधी डॉक्टरांना सांगाच. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.