प्लांटवर अडलेली गाडी आणि प्रोसेस अ‍ॅनालिस्टची नोकरी

सप्रेम नमस्कार.

लातूरच्या मोंढ्यात आपली आडत आहे, कन्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला ‘प्रोसेस अ‍ॅनालिस्ट’च्या प्रशिक्षणासाठी मुलाखतीला बोलावले आहे. कामे कशी चालतात हे समजून घेऊन ती संगणक-प्रणालीसाठी मांडणे, हे या पदाचे काम. तिला प्रोग्रॅमिंग येत नाही, तेव्हा ही संगणकावरची कारकुनीच ठरेल आणि उद्या तीही यंत्र करू लागेल, अशी काळजी आपण पत्रातून व्यक्त केली आहे.

आवक, सौदा, माप, पट्टी हा आपल्या दुकानातला क्रम रोज तोच असतो. असा क्रम आखून संगणकाच्या हवाली करता येतो. त्यासाठी बीपीएमएन ही आकृत्यांची प्रमाणित पद्धत आहे, जिची २.० ही आवृत्ती २०११ साली आली. काम एवढेच असते, तर आपली काळजी रास्तच होती.

पण सोयाबीनची गाडी ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून तेलाच्या प्लांटच्या गेटवर अडते, तेव्हा काय होते ते आठवून पाहावे. नमुना पुन्हा काढायला लावायचा, कटती मान्य करायची, गाडी दुसऱ्या प्लांटकडे वळवायची की परत बोलवायची, हे त्या दिवशीचा भाव, गाडीभाडे, भरून आलेले आभाळ आणि प्लांटवाल्याशी असलेला व्यवहार पाहून ठरते. एक फोन झाल्यावरच पुढचा कोणाला करायचा ते कळते. आणि मुनीमजी नेमके त्याच दिवशी गावी गेलेले असतील, तर आधी काय बोलणे झाले होते हे दुकानात कोणालाच सांगता येत नाही. विम्याचा वादातला दावा किंवा वाळूजच्या कारखान्याकडे आलेली सुट्या भागांची तक्रार याच जातीची असते. अशा प्रकरणाची कागदपत्रे, बोलणी, मुदती आणि कोणी कशाच्या आधारे निर्णय घेतला हे एका जागी ठेवणारी, पुढच्या शक्यता समोर मांडणारी, परंतु निवड माणसाकडेच ठेवणारी प्रणाली म्हणजे केस मॅनेजमेंट. तिचे सीएमएमएन हे मानक २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात कोणते काम कोणत्या अटीवर खुले होते आणि कोणते करणाऱ्याच्या विचारावर सोडले आहे, एवढेच मांडतात. सगळी कामे एका साखळीत बांधून टाकत नाहीत.

हे मांडायचे तर काम करणाऱ्याशेजारी बसून, मागच्या वेळी त्याने काय केले आणि का केले, हे चिकाटीने विचारावे लागते. यंत्र कागद वाचेल, पत्राचा मसुदाही करील; हे विचारणे मात्र माणसालाच करावे लागते, आणि मोंढ्यात वाढलेल्या मुलीला ते इतरांपेक्षा लवकर जमेल असे मला मनापासून वाटते.

तिने आधी बीपीएमएन आणि एसक्यूएल, म्हणजे संगणकात साठवलेली माहिती विचारून काढण्याची भाषा, शिकावे. सीएमएमएन नंतर चालेल, कारण अशा आकृत्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी फ्लोएबलमध्ये ते असले तरी कॅमुंडा ८ मध्ये त्याला आधार नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांना भेटायला मिळेल का, हे मुलाखतीत स्पष्ट विचारावे. केवळ माहिती भरायची असेल, तर नकार द्यावा.

तोपर्यंत मागच्या हंगामात अडलेल्या तीन गाड्यांची हकीकत तिने मुनीमजींना विचारून तारीखवार लिहावी, तिन्हींत समान निघालेल्या पायऱ्यांवर खूण करावी आणि ते कागद मुलाखतीला सोबत न्यावेत.