वाचकांचे प्रश्न : काचेआडची घुसमट आणि उन्हाळ्याचा वारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी मोटरसायकलच्या विंडशील्डविषयीचे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. गॅरेजमध्ये हिला कोणी वायझर म्हणतो, कोणी नुसतीच काच; आपणही पुढे काच हाच शब्द वापरू.

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ आहे. हिवाळ्यातील लांबच्या प्रवासासाठी मूळ काच काढून बाजारात मिळणारी उंच, पारदर्शक काच बसवली. थंडीत तिचा फार उपयोग झाला. परंतु आता अकोला-अमरावती ये-जा करताना छातीला वारा लागत नाही, शर्ट भिजून अंगाला चिकटतो आणि वेग सत्तरच्या पुढे गेला की हेल्मेट थरथरू लागते. काचेच्या मधोमध मोठे भोक पाडून घ्या, असे गॅरेजवाले सांगतात. हे योग्य ठरेल का? – एक वाचक, अकोला

उत्तर : काचेला झडप करण्याची कल्पना बरोबर आहे, पण जागा चुकली आहे. मधोमध भोक पाडू नये.

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. काच समोरचा वारा वर आणि बाजूंना लोटते, त्यामुळे काच आणि चालकाची छाती यांच्यामधल्या जागेत हवेचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा कमी होतो. काचेच्या वरच्या कडेवरून निसटलेला वेगवान प्रवाह ही उणीव भरून काढण्यासाठी मागे आणि खाली वळतो, आणि ओढ्यातल्या दगडामागे पाणी गरगरते तसे त्याचे भोवरे होतात. काचेची वरची कड हनुवटी ते नाक या उंचीच्या आसपास असेल, तर हे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात आणि त्यालाच आपण थरथर म्हणतो. इकडे छातीपाशी तीच तीच हवा घोटाळत राहते, तिच्यात घामाची वाफ साठते, आणि वाहन चालत असूनही घाम वाळत नाही.

काचेखालून थोडा वारा आत घेतला, तर मागचा कमी झालेला दाब वाढतो, वरचा प्रवाह खाली ओढला जात नाही आणि छातीपाशी हवा खेळती राहते. म्हणजे एकाच उपायाने घुसमट आणि थरथर या दोन्ही गोष्टी कमी होतात. हार्ले-डेव्हिडसनने आपल्या टूरिंग गाड्यांच्या २०१४ च्या मॉडेलांमध्ये पुढच्या मोठ्या फेअरिंगवर (हेडलाइटभोवतीच्या आवरणावर), काचेच्या पायथ्याशी, उघडझाप करता येणारी झडप दिली, तीही याच कारणासाठी. मधोमध पाडलेल्या भोकातून मात्र वाऱ्याचा झोत थेट गळ्यावर किंवा छातीच्या एकाच ठिकाणी येतो, त्याच्याबरोबर कचरा आणि किडेही येतात, आणि ज्या भागाला वाऱ्याचा सर्वाधिक दाब सोसायचा तोच भाग दुबळा होतो.

तरीही ड्रिल हातात घेण्याआधी, काहीही न कापता करता येण्याजोगे दोन बदल करून पाहावेत. पहिला असा की, काचेचे बोल्ट थोडे लांब घेऊन त्यांत पंधरा ते वीस मिलिमीटर जाडीचे स्पेसर, म्हणजे बोल्टवर चढवायची कडी, टाकावेत, म्हणजे काच पुढे सरकते आणि तिच्या खालच्या कडेशी फट तयार होते. अनेक गाड्यांवर एवढ्यानेच काम भागते आणि पुढची सगळी खटपट वाचते. दुसरा असा की, काचेला उंचीसाठी जास्तीची भोके किंवा खाचा असतील, तर ती एक-दोन पायऱ्यांनी खाली आणावी. उन्हाळ्यात वरची कड खांद्याच्या रेषेखाली असलेली बरी. त्यामुळे हेल्मेटला भोवऱ्यांऐवजी सरळ, स्वच्छ वारा मिळतो आणि हेल्मेटच्या झरोक्यांचाही उपयोग होऊ लागतो. काच बुटकी झाली तर हेल्मेटवर वाऱ्याचा जोर जास्त जाणवेल, हे खरे. परंतु एकसारखा जोर मान सहज सोसते, मान दुखते ती हिसक्यांनी.

बदलाचा परिणाम अंदाजाने ठरवू नये. लोकरीचे बोटभर लांबीचे दहा-बारा तुकडे घेऊन ते काचेच्या आतल्या बाजूला, टाकीच्या पुढच्या भागावर आणि जॅकेटच्या छातीवर कागदी चिकटपट्टीने लावावेत, आणि हँडलवरच्या होल्डरमध्ये मोबाइल घट्ट बसवून मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने जाताना चित्रण करावे. ते चित्रण गाडी थांबवल्यावरच पाहावे. धागा मागच्या दिशेने सरळ ताणलेला दिसला तर तेथे वारा वाहतो आहे. तो गोल गोल फिरत असेल तर तेथे भोवरा आहे. आणि तो उलटा, म्हणजे काचेकडे वळलेला असेल, तर तेथील दाब अजूनही कमीच आहे. स्पेसर टाकण्यापूर्वीचे आणि नंतरचे चित्रण शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

आता अकोल्याच्या उन्हाविषयी वेगळे लिहायला हवे, कारण येथे वारा जितका जास्त तितका गारवा जास्त, हे गणित चालत नाही. आपल्या त्वचेचे तापमान साधारण पस्तीस अंश असते. त्यापेक्षा थंड हवा अंगावर आली तर ती शरीरातली उष्णता घेऊन जाते. त्याहून गरम हवा उलट उष्णता देऊन जाते. मे महिन्यात दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना गारवा मिळतो तो केवळ घाम वाळण्यातून. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो, ही शरीराची केवढी तरी मोठी सोय आहे. परंतु विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम वाळायला मंद वाराही पुरतो. त्यापलीकडचा सगळा वारा म्हणजे लू आहे. तो अंग तापवतो, शरीरातले पाणी ओढून घेतो, आणि घाम दिसत नसल्यामुळे पाणी किती गेले हे चालकाला कळतही नाही.

त्यातच त्या दिवसांत दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणजे अमरावतीहून अकोल्याला परतताना तो समोरून येतो. गाडी सत्तरने चालली असेल आणि समोरचा वारा ताशी वीस किलोमीटरचा असेल, तर काचेला नव्वदचा वारा लागतो. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो सत्तरच्या तुलनेत दीडपटीहून जास्त होतो. जाताना न जाणवणारी थरथर येताना जाणवते, त्याचे कारण बहुतेक हेच असावे.

म्हणून माझे मत असे की, आपण स्पेसरची फट ठेवावी, पण तिला बंद करण्याची सोय करावी. सकाळी नऊपर्यंत आणि सूर्य मावळल्यावर ती उघडी असावी, भर दुपारी जवळजवळ बंद असावी. दुपारी जाणे टळतच नसेल, तर आत सुती बनियन ओला करून घालावा, वर पूर्ण बाह्यांचे जॅकेट घालून त्याची चेन गळ्यापर्यंत लावावी आणि फक्त बाह्यांचे झरोके किंचित उघडे ठेवावेत. जाळीचे जॅकेट छान वाटते, पण चाळीसच्या वर ते ओला बनियन फार लवकर वाळवून टाकते. पाणी तहान लागण्याआधी, दर थांब्याला प्यावे. लांबचा पल्ला असेल तर त्यात मीठ-साखर असावी.

प्रश्न : स्पेसर लावून पाहिले, फरक पडला, परंतु माझ्या गाडीची काच हेडलाइटला फार जवळ असल्याने पुरेशी फट मिळत नाही. काचेच्या खालच्या भागात आडवी खाच कापायची आहे. घरी करता येईल का, की साइनबोर्डवाल्याकडून लेझरने कापून घ्यावी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काच कशाची आहे, हे आधी ठरवावे. बाजारात दोन प्रकार मिळतात, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट, आणि दुकानदार दोहोंनाही फायबर म्हणतो. काचेच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक ड्रिल हळू चालवून निघणारा कीस पाहावा. तो लांब, सलग, सुरळीसारखा निघाला तर पॉलिकार्बोनेट. चुऱ्यासारखा किंवा बारीक कपच्यांत निघाला तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकच्या तयार काचेत खाच कापू नये, असे मी स्पष्टच सांगतो. कापताना ती तडकते, आणि तेव्हा वाचली तर महिनाभराने एखाद्या खड्ड्यात तडकते, व तिचे तुकडे धारदार असतात.

लेझरविषयीचा आपला विचार नेमका उलट ठरेल. साइनबोर्डवाल्यांचे यंत्र अ‍ॅक्रिलिक सुंदर कापते, पॉलिकार्बोनेटच्या कडा मात्र ते करपवते आणि पिवळट करते. पॉलिकार्बोनेटसाठी राउटर (फिरत्या पात्याचे कापण्याचे यंत्र) किंवा साधी हत्यारेच योग्य. आपल्या उद्यमनगरात प्लास्टिकचे राउटरकाम करणारा कोणी सापडला तर त्याच्याकडून करून घ्यावे. नाहीतर घरीही जमते.

काच गाडीवरून काढून कापायच्या भागावर दोन्ही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावावी आणि तिच्यावर आखणी करावी. पहिली खाच बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर उंच, एवढीच असावी. नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही. तिच्या खाली निदान चार-पाच सेंटिमीटर अखंड पट्टी राहिली पाहिजे, आणि बोल्टच्या भोकांपासूनही तेवढेच अंतर ठेवावे. खाचेच्या दोन्ही टोकांना होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) अडीच सेंटिमीटर व्यासाची गोल भोके पाडावीत आणि मग ती बारीक दात्यांच्या जिगसॉने दोन सरळ छेद देऊन जोडावीत. टोके गोलच हवीत, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तेथूनच सुरू होते. खाली लाकडी फळी घट्ट धरलेली असावी, यंत्राचा वेग कमी असावा, आणि प्लास्टिक वितळून चिकटू लागले तर थांबून ते थंड होऊ द्यावे. कापण्याचे तेल वापरू नये. कडा आधी कानशीने, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत कराव्यात की नख फिरवले तर ते कोठेही अडकू नये.

झाकणासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा खाचेपेक्षा थोडा मोठा तुकडा, रबरी पट्टी आणि दोन विंग नट एवढे पुरे. पावसाळ्यात हे झाकण लावलेच पाहिजे, नाहीतर पाण्याची धार सरळ मीटरवर आणि त्यामागच्या वायरिंगवर येते. मार्च ते मे या काळात खाचेच्या आतून स्टीलची जाळी लावण्याचा सल्लाही मी देईन. प्रवाह थोडा घटतो, पण मधमाशी शर्टात शिरण्याचा प्रसंग टळतो.

बसवताना बोल्ट आवळून टाकण्याचा मोह आवरावा. पॉलिकार्बोनेट उष्णतेने धातूपेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते. अर्ध्या मीटरची काच तीस अंशांच्या फरकाने जवळजवळ एक मिलिमीटर वाढते. म्हणून सहा मिलिमीटरच्या बोल्टासाठी भोक आठचे असावे आणि मध्ये रबरी बुश व रुंद वॉशर असावा. नट सैल होऊ नये म्हणून गॅरेजमध्ये निळा किंवा लाल द्रव लावतात, तो पॉलिकार्बोनेटला लागला तर केसासारख्या चिरा पडतात. येथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला नट, वापरावा. पेट्रोल, चेन धुण्याचे द्रव आणि अमोनिया असलेला काच पुसण्याचा स्प्रे यांपासूनही ही काच जपावी. सौम्य साबण, पाणी आणि मऊ कापड पुरते.

प्रश्न : माझ्या स्कूटरला मोठी काच आहे. रत्नागिरीत तापमान तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसे जात नाही, तरी जीव नकोसा होतो. मीही खाच करावी का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्याकडची अडचण अकोल्याच्या अगदी उलट आहे. तेथे हवा गरम पण कोरडी. येथे हवा त्वचेपेक्षा थंड, पण इतकी दमट की घाम वाळायला भरपूर वारा लागतो. तो वारा आपली काच अडवते. तशात स्कूटरचा पुढचा पत्रा पायांना आधीच आडोसा करत असतो. खाच करून मिळणारा वारा येथे अपुरा पडेल. ऑक्टोबर ते मे काच सरळ काढून ठेवावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा बसवावी, हेच सोपे आणि बिनखर्चाचे. काढलेल्या काचेच्या क्लॅम्पना खाऱ्या हवेत गंज चढतो, त्यांना ग्रीस लावून ठेवावे.

प्रश्न : माझी गाडी लिक्विड-कूल्ड आहे. शहरातल्या कोंडीत पंखा सुरू झाला की मांड्या भाजतात. काचेला झडप केल्याने हे कमी होईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ती हवा रेडिएटरमधून मागे फेकली जाते आणि थांबलेल्या गाडीवर काचेला काही कामच उरत नाही. क्रॅश गार्डला कापडी किंवा प्लास्टिकचे आडोसे लावले असतील तर उन्हाळ्यात ते काढावेत, कारण गरम हवेची बाजूला निघून जाण्याची वाट ते अडवतात आणि रेडिएटरला मिळणारा वाराही कमी करतात. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल व किडे मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच पाहावी.

प्रश्न : काचेत असा बदल केल्यास आरटीओची अडचण येते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि प्रत्यक्ष वाहन यांत फरक पडेल अशा बदलांवर आहे; इंजिन, चासी यांसारख्या गोष्टी त्यात येतात. काचेतील खाचेने त्या तपशिलांना बाध येत नाही. परंतु काच, स्पेसर किंवा झाकण यांपैकी कशानेही हेडलाइट, इंडिकेटर अथवा चालकाची दृष्टी अडता कामा नये. गडद रंगाची उंच काच मी तरी रात्रीच्या प्रवासासाठी सुचवणार नाही. वाहन हमीच्या मुदतीत असेल आणि काच कंपनीचीच असेल, तर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी खुलासा घ्यावा, किंवा मूळ काच जपून ठेवून बाजारातल्या स्वस्त काचेवर प्रयोग करावा.