छातीतली कळ आणि कामाचा खाडा

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशिन शॉप असून तेथे १४ कामगार आहेत. गेल्या महिन्यात रात्रपाळीत ४३ वर्षांच्या एका टर्नरच्या छातीत कळ आली. पित्त असेल असे समजून, सोडा पिऊन तो पहाटेपर्यंत लेथवर उभा राहिला. सकाळी हृदयविकाराचा झटका असल्याचे कळले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. इतक्या लवकर असे का व्हावे? मोठ्या कारखान्यात डॉक्टर असतो. माझ्यासारख्याने काय करावे? आणि त्याला पुन्हा कामावर घ्यावे का?

उत्तर : आपल्या कामगाराचे वय अपवादात्मक नाही. ५२ देशांत झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येत असल्याचे दिसले. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, सुटलेले पोट आणि मानसिक ताण ही त्याची मुख्य कारणे आहेत. रक्तदाब, साखर आणि चरबी तर वर्षानुवर्षे काहीही त्रास न देता वाढत राहतात. त्यामुळे ती मोजावीच लागतात, आणि छोट्या उद्योगात नेमके तेच होत नाही, कारण तपासणीला जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा पडतो, मजुरी बुडते, आणि धडधाकट वाटणारा माणूस मजुरी बुडवून दवाखान्याची पायरी चढत नाही.

हा अडथळा आपण दूर करू शकता. दंडावर पट्टा बांधायचे रक्तदाबाचे यंत्र शॉपमध्ये ठेवावे आणि महिन्यातून एकदा, पाच मिनिटे शांत बसवून, प्रत्येकाचा रक्तदाब नोंदवावा. वेगवेगळ्या दिवशी तो १४०/९० किंवा अधिक आला, तर भरपगारी अर्धी रजा देऊन त्या कामगाराला डॉक्टरांकडे पाठवावे. तिशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि चरबीची तपासणीही करावी. या नोंदीत आपले स्वतःचे नाव पहिले असावे. ऑर्डरची तारीख आणि बँकेचा हप्ता यांचा भार आपल्याही छातीवर असतो.

कामाच्या तासांविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक असतो. माल वेळेत द्यावा लागतो हे खरे, तरीही तोच माणूस सलग दोन पाळ्यांना उभा राहत असेल, तर ते थांबवावे. जागे राहण्यासाठी मळलेली तंबाखू आणि विडी याच वेळी वाढते. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो.

दहा किंवा अधिक कामगार असल्याने आपल्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना तीत उपचार मिळतात, आणि अटी पूर्ण असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. नोंदणी झाली नसेल तर ती आधी करावी.

छातीच्या मध्यभागी दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, थंड घाम, धाप यांपैकी काही जाणवले, तर यंत्र बंद करून माणसाला बसवावे आणि १०८ला फोन करावा. त्याला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नये. मधुमेही माणसाला कधीकधी कळ येतच नाही, नुसती धाप लागते. पित्त की हृदय, हे ईसीजी काढूनच ठरवावे.

आपल्या टर्नरला कामावर अवश्य घ्यावे, मात्र किती वजन उचलायचे आणि रात्रपाळी चालेल का, हे त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरे वाटते म्हणून परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवलेल्या जाळीदार नळीत, गुठळी होऊ शकते. त्यामुळे पुढच्या तपासणीच्या दिवशी त्याचा खाडा धरू नये.